विश्लेषण : आत्महत्येबाबत कॅथलिक चर्चची भूमिका कशी बदलली?

आत्महत्या हे गंभीर पाप आहे, ही कॅथलिक चर्चची शिकवण आजही कायम आहे. मात्र आत्महत्या करणाऱ्या व्यक्तीकडे पाहण्याची चर्चची दृष्टी विसाव्या शतकात बदलली. हा बदल काय होता?

जुनी भूमिका काय होती?

‘हत्या करू नकोस’ ही आज्ञा स्वतःच्या जिवालाही लागू होते, असे संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकात मांडले. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी तीन कारणे दिली. आत्महत्या ही जगण्याच्या नैसर्गिक ओढीविरुद्ध, समाजाविरुद्ध आणि जीवन देणाऱ्या ईश्वराविरुद्ध आहे, असे त्यांचे म्हणणे. १९१७च्या चर्च कायद्यानुसार जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला धार्मिक दफनविधी नाकारला जाई.

दुर्खीम यांचा निष्कर्ष काय?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांचा ‘आत्महत्या’ हा ग्रंथ १८९७ मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपातील आकडेवारीत प्रोटेस्टंटांपेक्षा कॅथलिकांमध्ये आत्महत्या कमी दिसत होत्या. मनाई तर दोन्ही पंथांत होती. म्हणजे फरक मनाईमुळे नव्हे, तर माणसांना एकत्र बांधणाऱ्या सामूहिक धर्मजीवनामुळे पडतो, असे दुर्खीम यांनी मांडले.

त्यावर आक्षेप कोणता?

दफन नाकारले जाण्याची भीती आणि बदनामी यामुळे कॅथलिक भागांत आत्महत्या दडवल्या जात असाव्यात, असे टीकाकार म्हणतात. नेदरलँड्समधील १९०५ ते १९१० च्या नोंदींचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅथलिकांमध्ये ‘आकस्मिक’ किंवा ‘कारण अस्पष्ट’ अशा मृत्यूंच्या नोंदी जास्त होत्या. त्या जमेस धरल्या, तर दोन पंथांतील तफावतीचा उलगडा होतो, असे संशोधकांना आढळले.

नेमके काय बदलले?

१९८३च्या नव्या चर्च कायद्यात दफन नाकारण्याच्या यादीतून आत्महत्येचा उल्लेख गेला. १९९२च्या अधिकृत धर्मशिकवण ग्रंथाने तीव्र मानसिक विकार, यातना किंवा संकटाची भीती यांमुळे व्यक्तीची जबाबदारी कमी होऊ शकते, हे मान्य केले. अशा व्यक्तीच्या तारणाची आशा सोडू नये, चर्च तिच्यासाठी प्रार्थना करते, असेही त्यात म्हटले आहे.

याचा अर्थ काय?

शिक्षेच्या धाकाने कुटुंबे गप्प होतात आणि आकडेही फसवे होतात. दुर्खीम यांच्या आकड्यांवर वाद असला, तरी एकटेपणा जीवघेणा ठरू शकतो, हे त्यांचे म्हणणे आजही महत्त्वाचे मानले जाते. नव्या भूमिकेमुळे मागे राहिलेल्या कुटुंबाला निदान शोक उघडपणे करता येतो.

(मानसिक तणाव असल्यास ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कधीही संपर्क साधता येतो.)