धानाच्या बांधीतून हद्दपार झालेले प्रतिजैविक

रोवणी आटोपून महिना-दीड महिना झाला आणि पाऊस लागून राहिला की सडक अर्जुनीच्या शिवारात धानाची पाने शेंड्याकडून, कडेकडेने पिवळी पडताना दिसतात. हा कडाकरपा. रोगट पानाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरा. थोड्या वेळात कापलेल्या जागेतून दुधाळ धार खाली उतरते. ती धार म्हणजे झँथोमोनास ओरायझी या जिवाणूंचा लोंढा. रोग बुरशीचा असता, तर अशी धार दिसली नसती.

या रोगावर वर्षानुवर्षे एक पुडी ठरलेली होती, स्ट्रेप्टोसायक्लिन. पिंपरीला 1954 मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने हे नाव गावोगावी पोहोचवले. पुडीत नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन. दोन्ही माणसांचीच औषधे.

जिवाणूच्या पेशीत प्रथिने बनवणारे रायबोसोम असतात. स्ट्रेप्टोमायसिन त्यांच्या लहान भागाला चिकटते आणि जनुकीय संदेशाचे वाचन चुकवते. सदोष प्रथिने तयार होतात, पेशीचे आवरण बिघडते, जिवाणू मरतो. टेट्रासायक्लिन त्याच भागावर दुसरीकडे बसून नवे अमिनो आम्ल येण्याची वाट अडवते. त्याने जिवाणूची वाढ थांबते. स्ट्रेप्टोमायसिन तोंडाने घेतले तर आतड्यातून जवळजवळ शोषलेच जात नाही, म्हणून क्षयरोग्याला ते सुईनेच द्यावे लागते. आतल्या कानावर त्याचा घाव बसतो. तोल जातो, कधी बहिरेपणही येते. इतके जपून द्यायचे औषध आपण पंपाने फवारत होतो.

कडाकरप्याचे जिवाणू पानाच्या जलवाहिन्यांत दडलेले असतात. फवारा पडतो पानावर, आणि औषध पाण्यात सहज विरघळणारे. पाऊस आला की ते बांधीतल्या चिखलात, तिथून नाल्यात आणि तलावात. तिथले जिवाणू अशा अपुऱ्या मात्रेशी झुंजतात आणि त्यातले प्रतिकारक्षम तेवढे टिकतात. स्ट्रेप्टोमायसिन निकामी करणारी स्ट्रेप-ए आणि स्ट्रेप-बी ही जनुके पिकांच्या रोगजंतूंत सापडतात, तशीच माणसांच्या आणि जनावरांच्या जिवाणूंतही. एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांवर ती बसलेली असतात. माझ्या मते बंदीसाठी एवढे एकच कारण पुरेसे आहे. केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर 2021 मध्ये पाऊल उचलले आणि शेतीतील वापर पूर्ण थांबवण्यासाठी 1 जानेवारी 2024 ही मुदत ठरवली.

पीक धोक्यात असताना हातातली पुडी काढून घेतली जाते, तेव्हा शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. पण उपाय आहेत. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी तीन प्रतिकारक जनुके घालून सुधारित सांबा मसुरी हे वाण तयार केले. ते 2008 मध्ये प्रसारित झाले. रोग दिसताच युरिया थांबवा, बांधीतले पाणी काढून टाका, परे लावताना शेंडे खुडू नका. आणि घरात जुनी पुडी उरली असेल, तर ती फवारू नका. तालुका कृषी कार्यालयात विचारा.