कोबा घालण्यापूर्वी

मंडळी, नव्या घराच्या भिंती उठल्या, वर छप्पर चढले, की घरधन्याला घाई सुटते ती कोबा घालण्याची. ‘एकदा जमीन झाली की वास्तुशांत उरकून घेऊ,’ असे घरोघर ऐकू येते. पण काँक्रीट एकदा पसरले की त्याच्याखालचे काही सुधारता येत नाही. दोन पावसाळ्यांत जमीन चिरते, कोपऱ्यात खचते, आणि आपण बोल लावतो गवंड्याला. दोष पुष्कळदा पोटात असतो. म्हणून आज तयारीविषयीच बोलू या.

पहिली गोष्ट भरावाची. काळी माती पिकाला सोन्यासारखी, पण घराखाली वैरीण. पाण्याने ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. शेतातल्या भेगा तुम्ही पाहताच. तिच्यावर चार इंचांचा थर कसा टिकावा? तेव्हा जोत्यातली काळी माती आणि मुळ्या काढून मुरूम भरा. तोही एकदम नव्हे. सहा इंचांचा थर द्या, पाणी शिंपडा, धुमसाने चोपा, मगच पुढचा थर. त्यावर दगडांचे सोलिंग लावा. फटींत कपच्या आणि मुरूम ठोका. मोरीचा नळ काढायचा तो आत्ताच.

दुसरी गोष्ट हिशेबाची. खोली 10 फूट बाय 12 फूट, जाडी 4 इंच, म्हणजे 40 घनफूट काँक्रीट. एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी या प्रमाणात 50 किलोच्या एका गोणीत सुमारे पावणेसहा घनफूट काँक्रीट होते. म्हणजे सात गोण्या लागतील. माल आधी आणून ठेवा. मध्येच संपला तर तिथे सांधा राहतो.

गुरुजींनी वर्गात करावा असा एक प्रयोग सांगतो. काचेच्या बरणीत निम्मी वाळू आणि वर मिठाचे पाणी घाला, हलवा, तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या बाराव्या हिश्श्याहून जाड असेल, तर वाळू धुऊन घ्यायला हवी.

आता पाणी. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी संयोग होऊन त्याचा दगड बनतो. या संयोगाला गोणीमागे बारा-तेरा लिटर पुरतात. माल पसरता यावा म्हणून आपण पंचवीसेक घालतो. त्याहून जास्त ओतलेले पाणी उडून जाते आणि मागे छिद्रे ठेवते. पातळ माल मजुराला सोपा, घराला महाग!

उलट, काँक्रीट घट्ट झाल्यावर मात्र पाण्याची कंजुषी नको. मातीचे बांध घालून दहा दिवस ते ओले ठेवा. एवढ्या पाण्याची सोय आज नसेल, तर खुशाल कोबा पुढे ढकला. वास्तुशांतीला दुसरा मुहूर्त मिळतो. चिरलेली जमीन मात्र फोडूनच काढावी लागते.