शेजारच्या बांधकामाला हरकत : कशासाठी घ्यावी, कशासाठी घेऊ नये

वसाहतीशेजारच्या मोकळ्या जागेला पत्रे ठोकले जातात, फलक लागतो आणि येथे मोठी गृहयोजना येणार अशी कुजबुज सुरू होते. मग सभा होते, सह्या गोळा होतात, निवेदन दिले जाते. पुष्कळदा ते निवेदन कोणाच्या तरी टेबलावर पडून राहते, कारण त्यात राग असतो पण मुद्दा नसतो. हरकत कशी घ्यावी हे सभासदांना व विद्यार्थ्यांना समजावे, एवढाच आमच्या या लेखाचा हेतू आहे.

सर्वप्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, जागेचा मालक नियमात राहून बांधकाम करीत असेल तर "आम्हाला नको" एवढ्यावर ते थांबत नाही. नियम मोडला हे दाखविता आले तरच हरकतीला बळ येते. दिल्लीजवळच्या नोएडा शहरातील एमराल्ड कोर्ट या वसाहतीचे उदाहरण याबाबत बोलके आहे. २००५ साली तेथे तळमजला व नऊ मजले अशा चौदा इमारतींचा नकाशा मंजूर झाला. पुढे नकाशे बदलत गेले आणि रहिवाशांना बाग म्हणून दाखविलेल्या जागेवर दोन टोलेजंग मनोरे चढू लागले. २०१२ साली त्यांना चाळीस मजल्यांपर्यंत परवानगी मिळाली. रहिवाशांनी माहितीच्या अधिकारात नकाशे मागितले, तर प्राधिकरणाने ते देण्याऐवजी बिल्डरलाच विचारले! तेव्हा रहिवासी संघ अलाहाबाद उच्च न्यायालयात गेला. त्यांचे मुद्दे मोजता येण्याजोगे होते. दोन इमारतींत किमान १६ मीटर अंतर हवे, प्रत्यक्षात ते सुमारे ९ मीटर होते. शिवाय सामाईक जागा कमी करताना आधीच्या सदनिकाधारकांची संमती घेतलेली नव्हती. उच्च न्यायालयाने २०१४ साली मनोरे पाडण्याचा आदेश दिला. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला, अधिकारी व बिल्डर यांच्या संगनमतावर ताशेरे ओढले आणि मनोऱ्यांत घर घेणाऱ्यांचे पैसे १२ टक्के व्याजाने परत करण्यास सांगितले. २८ ऑगस्ट २०२२ रोजी दोन्ही मनोरे स्फोटकांनी जमीनदोस्त झाले. सामान्य नोकरदार माणसांनी दहा वर्षे कागद सांभाळले, त्याचे हे फळ होय.

आता आपल्या महाराष्ट्रात काय करता येते ते पाहू.

१) मंजूर नकाशा मिळवावा. नेहमीच्या बांधकाम परवानगीची नोटीस शेजाऱ्याला येत नाही. म्हणून माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

२) जागेचे आरक्षण तपासावे. विकास आराखड्यात ती जागा मैदान, उद्यान किंवा शाळेसाठी असेल तर घरे बांधण्यापूर्वी आराखड्यात फेरबदल करावा लागतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे अशा फेरबदलासाठी राजपत्रात सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. त्यासाठी एक महिन्याची मुदत असते. ती चुकली की बरीचशी संधी हातची जाते.

३) बांधकाम आपल्याच योजनेच्या आवारात होत असेल तर रेरा कायदा, २०१६ चे कलम १४ पाहावे. मंजूर आराखड्यात किंवा सामाईक जागेत बदल करण्यास दोन-तृतीयांश सदनिकाधारकांची लेखी संमती लागते.

४) अर्जात पाणी, सांडपाणी, रस्त्याची रुंदी, इमारतींतील अंतर असे मुद्दे क्रमवार लिहावेत आणि प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. बँकेत काम करणाऱ्या आम्हा मंडळींना हे रोजचेच आहे. तोंडी सांगितलेल्या गोष्टीची नोंद कोठेच होत नाही.

मात्र हरकतीचे हत्यार दुधारी आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात माउंट लॉरेल नावाचे गाव आहे. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांनी १९७० च्या सुमारास छत्तीस घरांची छोटी योजना मागितली. गावाने ती नाकारली. त्यासाठी नगररचनेच्या नियमांचाच आधार घेतला होता. १९७५ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, असे नियम करून गरिबांना गावाबाहेर ठेवता येणार नाही. तरीही परवडणारी घरे उभी राहायला २००० साल उजाडले.

आपल्याकडेही स्वस्त घरांची योजना आली की "वस्तीचा दर्जा घसरेल" असे म्हणणारे निघतात. भाड्याची खोली मागताना ज्यांना आडनाव विचारले गेले, त्या आपल्या समाजाला या वाक्याचा अर्थ समजावून सांगायला नको. उद्या आपल्या पक्क्या सोसायटीशेजारी कोणाची घरे येणार असतील, तर तेच वाक्य आपल्या निवेदनात येता कामा नये.

थोडक्यात, हरकत लिहून झाल्यावर एक कसोटी लावावी. तेथे येणारी माणसे श्रीमंत असती, तरीही आपण हीच हरकत घेतली असती काय? उत्तर "होय" असेल तर निःशंकपणे सही करावी. "नाही" असेल तर कागद फाडून टाकावा आणि नव्या शेजाऱ्यांनाही पाणी पुरेसे मिळावे, यासाठी नवा अर्ज लिहावा.