घारापुरीचा स्तूप पाहून या

तिसगावहून ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणाऱ्या बंधु-भगिनींनो, एक दिवस जास्तीचा काढा आणि घारापुरी बेट पाहून या. गेटवेवरून लाँचने तासाभराचा प्रवास. आम्ही मुलाबाळांसह गेलो होतो. १९८७ साली जागतिक वारसा ठरलेली शिवाची लेणी पाहून बहुतेक प्रवासी परत फिरतात. पूर्वेच्या टेकडीवर मात्र प्राचीन विटांचा बौद्ध स्तूप आहे. तेथे आम्ही त्रिसरण-पंचशील म्हटले. मग मुले किनाऱ्यावर मनसोक्त खेळली. या बेटावर समुद्राखालच्या केबलने वीज आली ती २०१८ मध्ये! सोमवारी लेणी बंद असतात, हे ध्यानात ठेवा. आपला वारसा आपणच पाहिला नाही, तर लेकरांना कोण दाखवणार? जय भीम!