धक्का लागला की मारला?

शाळेच्या रांगेत मागून धक्का लागतो. एक मूल वळून पाहते व पुढे सरकते. दुसरे तत्काळ हात उगारते. त्यास आपण ‘भांडखोर’ म्हणून मोकळे होतो. परंतु त्या क्षणी त्याच्या मनात काय घडते?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांनी १९८० साली याविषयीचा प्रयोग प्रसिद्ध केला. दुसरी, चौथी व सहावीतील मुलग्यांना, त्यांनी जुळवत आणलेले कोडे दुसऱ्या मुलाने विस्कटल्याचे भासविण्यात आले. त्याचा हेतू उघडपणे वाईट वा चांगला असता भांडखोर व शांत मुले यांच्या वागण्यात फारसा फरक नव्हता. हेतू संदिग्ध असता मात्र भांडखोर मुले तो वाईटच आहे असे समजून वागली. आणि बदनाम मुलाच्या संदिग्ध कृतीत सवंगड्यांनाही वैरच दिसे! म्हणजे संशय दोन्हीकडून वाढतो.

डॉज व सहकाऱ्यांना १९९० साली असेही आढळले, की लहानपणी घरी शारीरिक छळ सोसलेल्या मुलांत ही संशयी दृष्टी अधिक असते. अशा मुलास पुन्हा छडी मारून काय साधणार? त्यापेक्षा शिक्षकांनी शांतपणे विचारावे, “त्याने मुद्दाम केले हे तुला कशावरून वाटले, बाळा?”