चिंध्या, टाके आणि टोकियो

वानखेडेवर कुणी गोधड्यांचं प्रदर्शन भरवलं, तर तुम्ही जाल? टोकियोत लोक जायचे. तेही रांग लावून!

टोकियो डोम हे खरं तर बेसबॉलचं स्टेडियम. योमिउरी जायंट्स या टीमचं होम ग्राउंड. 2019 च्या जानेवारीत मी तिथे पोचले ते नोकरीसाठी टोकियोत राहणाऱ्या मैत्रिणीच्या हट्टामुळे. निमित्त होतं टोकियो इंटरनॅशनल ग्रेट क्विल्ट फेस्टिव्हल. 2002 पासून हा फेस्टिव्हल इथे भरत आला होता. बाहेर कडाक्याची थंडी, आणि रांगेत बहुतेक सगळ्या पन्नाशी-साठीच्या बायका. हातात स्वतः शिवलेल्या बॅगा, चेहऱ्यावर लग्नाला निघाल्यासारखा उत्साह. मी मनात म्हटलं, संपला माझा वीकेंड!

आता क्विल्ट म्हणजे काय? वर तुकडे जोडून केलेलं कापड, मध्ये कापसाचा थर, खाली अस्तर आणि हे तिन्ही धरून ठेवणारे टाके. थोडक्यात, आपल्या गोधडीची सख्खी बहीण. पॅचवर्क क्विल्टची ही लाट जपानमध्ये 1970 च्या दशकात अमेरिकेतून आली. पण जपानी बायकांनी ती पार आपलीशी करून टाकली. अमेरिकन क्विल्टमधले भडक रंग जाऊन राखाडी, मातकट, धुरकट रंग आले. योको सायतो ही क्विल्ट आर्टिस्ट तर या करड्या-तपकिरी छटांसाठीच जगभर ओळखली जाते. कुणी जुन्या किमोनोचं रेशीम वापरलेलं, कुणी निळीत रंगवलेलं सुती कापड. जवळ जाऊन पाहिलं, तर भिंतभर क्विल्टवर तांदळाच्या दाण्याएवढे टाके. एकसारखे. हातांनी घातलेले. प्रत्येक क्विल्टशेजारी करणारीचं नाव लिहिलेलं. हात मात्र लावायचा नाही!

माझा वीकेंड वाया गेला नव्हता, हे एव्हाना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण म्हणाली, ‘‘हे झालं श्रीमंतांचं. आता चल, गरिबांचं बघू.’’ आम्ही असाकुसाला गेलो. तिथल्या सेन्सोजी या प्रसिद्ध मंदिराशेजारी अम्यूज म्यूझियम होतं. मार्च 2019 मध्ये ते तिथून बंद झालं, त्यामुळे आमची भेट अगदी शेवटच्या दिवसांतली. इथे होता ‘बोरो’. म्हणजे चक्क फाटकंतुटकं.

जपानच्या होन्शू या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाला आओमोरी आहे. थंडी इतकी की तिथे कापूस पिकायचा नाही. शेतकऱ्यांच्या अंगावर तागासारख्या धाग्याचं जाडंभरडं कापड. दक्षिणेकडून जहाजातून येणारं वापरलेलं सुती कापड हीच चैन. त्यातली चिंधीसुद्धा टाकायची नाही. भोक पडलं की ठिगळ, ठिगळ विरलं की त्यावर दुसरं. आई, मुलगी, नात अशा पिढ्या त्यावर टाके घालत राहायच्या. ‘दोंजा’ नावाचा झोपताना घ्यायचा जाड अंगरखा असा थरावर थर चढून इतका जड झालेला, की मला उचलवेना. आणि ‘बोदोको’ ही अंथरायची चादर, पूर्वजांच्या कपड्यांचे तुकडे जोडून केलेली. बाळंतीण त्यावरच बाळंत व्हायची. बाळाचा पहिला स्पर्श थेट पणजोबांच्या कपड्यांना!

पुढे सुबत्ता आली आणि लोकांना याचीच लाज वाटू लागली. बोरो जाळला गेला, फेकला गेला. चुझाबुरो तानाका (1933-2013) हा आओमोरीचा माणूस मात्र गावोगाव फिरून तो गोळा करत राहिला. त्याच्याकडच्या 786 टाके घातलेल्या कपड्यांना 1983 मध्ये सरकारने महत्त्वाच्या लोकवारशाचा दर्जा दिला. इथे बोरोला हात लावायला परवानगी होती. पण शेजारी नाव कुणाचंच नव्हतं.

त्या चादरीवर हात ठेवून मी उभी होते, आणि मला आठवलं माझं हॉस्टेल.

मास कॉमला पुण्यात आले, तेव्हा साताऱ्याहून आजीने वाकळ दिली होती. तिच्या लुगड्याची, आजोबांच्या धोतराची. रूममेट्सची गुबगुबीत रजया बघून मी ती सूटकेसमध्येच ठेवली. तीन वर्षं. आजीने फोनवर विचारलं की ‘‘पांघरते ना’’ म्हणायचे. बिनदिक्कत खोटं.

परत आल्यावर सातारा गाठलं. वाकळ पसरली आणि म्हटलं, ‘‘आजी, यातलं काय कुणाचं ते सांग.’’ चष्मा न लावता बोट फिरवत तिने सांगितलं. हे तुझ्या आत्याचं परकर, ही आजोबांची पैरण, हे माझं लग्नानंतरचं पहिलं लुगडं. मी वहीत नकाशा काढून सगळं लिहून घेतलं. मग म्हटलं, ‘‘कोपऱ्यात तुझं नाव घाल ना.’’

‘‘वाकळंवर कुणी नाव घालतं व्हय गं?’’ ती हसायला लागली. सुईत दोरा मला ओवून द्यावा लागला. नाव तिनेच घातलं. चार अक्षरं, एक वाकडं.

तेव्हा मंडळी, या दिवाळीत माळा साफ करताना गोधडी सापडली, तर देऊन टाकण्याआधी एक फोन करा. जिने शिवली तिला. ती फोनवर असेपर्यंत.