चराईचा बोकड की खुराकाचा?

मेळाव्यात शेळीपालनाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : बोकड रानात चारावा, की गोठ्यात बांधून मका-पेंडीवर वाढवावा? रानातल्या पाल्यावरचे मटण चवदार, असे जुनी मंडळी सांगतात. खुराकाचा बोकड लवकर वजनाला येतो, हे बाजारात दिसते. दोन्हींत तथ्य आहे.

चरणाऱ्या बोकडाची बरीच ऊर्जा चालण्यात जाते. पावसाळ्यात बाभूळ, बोर, हिवर यांचा पाला मिळतो तोवर वाढ बरी होते. रान वाळले की कमावलेले वजन उतरते. त्याच्या मांसात चरबी कमी, आणि हिरव्या पाल्यामुळे त्या चरबीत ओमेगा-३ स्निग्धाम्ले तुलनेने जास्त असतात. तरी चराईचे मटण म्हणजे औषध, असे सांगून कोणी ते विकू नये. शेळीच्या मांसात मुळातच चरबी थोडी असते.

आता खुराकाकडे वळू. खळ्यावर ज्वारीच्या राशीत तोंड घातलेली शेळी दुसऱ्या दिवशी दगावल्याचे आपण पाहिले असेल. शेळीच्या कोटीपोटातील जिवाणू चारा पचविण्यास सरावलेले असतात. एकदम धान्य पडले की आम्ल तयार करणारे जिवाणू माजतात, पोट आंबते, जनावर दात खाते, हगवण लागते व बसते. आंत्रविषार हा रोगही अशाच वेळी उचल खातो. बोकड लवकर तयार व्हावा म्हणून पहिल्याच दिवशी पाटीभर मका ओतणारे हा धोका विकत घेतात. लक्षणे दिसताच धान्य बंद करून फक्त कडबा ठेवावा व पशुवैद्यकास त्वरित बोलवावे.

२० किलोच्या बोकडास सुरुवातीस रोज ५० ग्रॅम खुराक द्यावा. दर चार-पाच दिवसांनी ५० ग्रॅम वाढवीत तीन आठवड्यांत २५० ग्रॅमपर्यंत न्यावे. आधी कडबा किंवा तुरीचे भुसकट, मग खुराक, तोही दोन वेळा विभागून. मक्याचा भरडा ४५, शेंगदाणा पेंड २०, तूरचुनी १७, गव्हाचा कोंडा १५, खनिज मिश्रण २ व मीठ १ भाग हे मिश्रण चालते. मक्याचे पीठ करू नये. ते पोटात फार लवकर आंबते. बुरशी आलेली पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. कोंड्याचा भाग मनाने वाढवू नये. त्यातील स्फुरदामुळे खुराकावरच्या नरांना, विशेषतः लहानपणी खच्ची केलेल्यांना, मूतखडा होतो. स्वच्छ पाणी सदैव समोर असावे.

माझ्या मते कोरडवाहू भागात पूर्ण बंदिस्त खुराक परवडत नाही. बोकड रानात वाढवावा व विक्रीपूर्वी शेवटचे तीन महिने खुराकाची जोड द्यावी. पुढे ताणू नये. शेळीची चरबी मांसात मुरण्याआधी आतड्यांभोवती व मूत्रपिंडाभोवती साठते. तिचे पैसे मिळत नाहीत. दर पंधरवड्यास वजन करावे. २५० ग्रॅमप्रमाणे पंधरा दिवसांत पावणेचार किलो खुराक लागतो. वाढलेल्या वजनाची किंमत या खुराकाच्या खर्चाच्या जवळ आली की गिऱ्हाईक शोधावे. व्यापारी नजरेने अंदाज बांधून घेत असेल, तर काट्यावर तोलूनच सौदा करावा. खुराकाचे वजन नजरेत भरत नाही.

आणि खुराक सुरू करण्याच्या दोन-तीन आठवडे आधी आंत्रविषाराची लस टोचून घ्यावी.